भिंतीला भिंत

१

उन्हाळ्यात मोजणी सकाळची. सहाला शेतात उभं राहायचं, ऊन चढायच्या आत हद्दीच्या खुणा दाखवायच्या, मग कचेरीत येऊन कागद लिहायचे आणि दीडच्या सुमारास घर. सुदाम एकतीस वर्षं सरकारी मोजणीदार होता आणि एकतीस वर्षं त्याचा हा शिरस्ता चुकला नव्हता. बायको गेल्यावर फरक एवढाच पडला, की दाराचं कुलूप आता त्यालाच काढावं लागे.

घर उदगीरच्या कडेला, एका वसाहतीत. पूर्वेच्या अंगाला एक लांबट खोली होती. त्याच्या बायकोनं, राजकन्येनं, शेवटचे सात महिने तिथं काढले. फेब्रुवारीत ती गेली, पण तिची खाट पूर्वेच्या भिंतीला लागून तशीच होती. जेवण झालं की सुदाम तिच्यावर आडवा व्हायचा. झोप येत नसे. पंखा फिरायचा, पत्रा तापून मधूनच कडकड वाजायचा आणि चार वाजायचे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी, भिंतीतून आवाज आला.

टक्, टक्. मग खरवडल्यासारखं काही. थोडी उसंत. पुन्हा टक्, टक्.

तो ऐकत राहिला. हा आवाज कुणालाही ओळखू येईल असाच होता. गवंडी वीट ठेवतो, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकतो आणि बाहेर आलेला चुना-सिमेंटचा माल खरवडून काढतो. भिंतीपलीकडे शिवम्माचा मोकळा प्लॉट होता. म्हणजे तिनं बांधकाम काढलं. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मनाशी म्हणत तो चपला घालून बाहेर गेला.

प्लॉट मोकळाच होता. वाळू नाही, विटा नाहीत, माणूस नाही. एका बाभळीला शिवम्माची देवणी गाय बांधलेली होती आणि शिवम्मा तिच्यापुढं कडबा टाकत होती.

"बांधकाम काढलंय का, शिवम्मा?"

"कशाचं बांधकाम, अण्णा? वाळूचा भाव ऐकलाय का? मालकांनी नुसता शब्द काढला तरी त्यांना घाम फुटतोय." ती हसली. मग गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या, हिला बघा. चार दिस झाले, तुमच्या भिंतीकडं तोंड करून उभारतीय. वैरणीला तोंड लावंना."

"माशा त्रास देत असतील."

"माशा शेपटीकडं असत्यात, अण्णा."

गाय खरोखरच वैरणीकडे बघत नव्हती. तिचे लांब कान भिंतीकडे वळलेले होते आणि दोन ठोक्यांमधली उसंत असावी तेवढ्या अंतरानं ते हलत होते.

२

राजकन्या सुदामची होण्याआधी दुसऱ्याची होती. ही गोष्ट मंडळीत सगळ्यांना ठाऊक होती आणि सत्तावीस वर्षांत कुणी तिचा उच्चार केला नव्हता. मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं, शंभर-सव्वाशे घरं.

तिचा पहिला नवरा शेषेराव. गवंडी. लग्नानंतर दीड वर्षात एका सिनेमागृहाच्या बांधकामावरून पडला, तीन दिवस दवाखान्यात शुद्धीवर होता आणि चौथ्या दिवशी गेला. सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांनी सुदामनं राजकन्येला मागणी घातली. ती तेव्हा तेवीसची. तिनं होकार दिला, संसार नीट केला, त्याला कधी दुखावलं नाही. मूल झालं नाही, त्याचाही तिनं बाऊ केला नाही. सुदाम स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला लाडू उचलायला लागला, की पिठानं भरलेला तळवा लागू नये म्हणून ती मनगटाच्या पाठीनं त्याचा हात हलकेच मागं सारायची. त्याच्या सुखाचा हिशेब कुणी विचारला असता तर त्यानं तेवढंच सांगितलं असतं.

पण ट्रंकेच्या तळाशी एक फडकं होतं. फडक्यात शेषेरावचा ओळंबा होता, दोरीला टांगून भिंत सरळ आहे का ते बघायचा, पितळेचा, भोवऱ्याएवढा. वर्षातून एकदा, नाताळची भांडी घासताना, ती तोही चिंचेनं घासून लख्ख करायची आणि गाठ मारून परत ठेवायची. सुदाम पेपर वाचत असायचा. पेपरचं पान उलटायचं राहून जायचं.

मेलेल्या माणसाचा मत्सर करणं हे हसण्यासारखं असतं हे त्याला कळत होतं. म्हणून तो त्याबद्दल कुणाशी बोलत नसे. शेषेराव कायम सव्वीसचा राहिला. सुदामचे केस गेले, साखर वाढली, पोट सुटलं.

राजकन्या गेली तेव्हा कबरस्तानात शेषेरावच्या कबरीशेजारी जागा मोकळी होती. चर्चच्या पाळकांनी विचारलंही. सुदाम म्हणाला, "तिकडं नको, तिकडं पाणी साचतं." त्यानं दुसऱ्या टोकाची जागा निवडली. माती लोटून झाल्यावर, सगळे गेल्यावर, त्यानं दोन कबरींमधलं अंतर पावलांनी मोजलं. एकशे चौदा फूट. हे आपण का मोजलं, असं त्यानं स्वतःला विचारलं नाही.

३

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये शास्त्राभ्यास व्हायचा आणि तो सुदाम घ्यायचा. ईस्टर जवळ आला, की बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला स्वर्गीय नगराचा भाग ठरलेला. सोन्याचा रस्ता, मोत्यांच्या बारा वेशी, आणि देवदूतानं मापाची काठी घेऊन मोजलेली तट-भिंत.

सुदाम समजावून सांगायचा, "हे चित्र आहे. बारा म्हणजे पूर्णता. सोनं म्हणजे निर्मळपणा. भिंत म्हणजे आता भय उरलं नाही. नगर म्हणजे दगडविटा नव्हे, आपण माणसंच ते नगर. म्हणून तर त्याला नवरी म्हटलंय."

आणि दरवर्षी मागच्या बाकावरून अंगद तोंड उघडायचा. अंगद हा शेषेरावचा धाकटा भाऊ. तोही गवंडी, देगलूरपासून निलंग्यापर्यंत कामं घेणारा, खांद्यावर नाहीतर डोक्याला कायम टॉवेल.

"साहेब, एक इचारू का?"

"विचार."

"तुमी जिंदगीभर लोकाच्या जमिनी मोजून राहिले. बोटभर फरक पडला तर भाऊ-भाऊ कोर्टात जात्यात, अन् तुमी म्हणता माप म्हणजे माप. मग देवदूतानं मोजलं तर ते माप का न्हाई? त्याची काठी सरकारी न्हाई म्हणून?"

मंडळी हसली. सुदामही हसला.

"देवाला विटा कशाला लागतील, अंगद?"

"देवाला कशाला? आपल्याला लागत्यात. मला तर बाबा घर पायजे. भिताडाला पाठ टेकाया पायजे. चित्रात कसं निजू मी?"

यंदाच्या त्या गुरुवारी सगळे गेल्यावर अंगद दारात रेंगाळला. त्याला वहिनीची आठवण आली असावी.

"आमच्या घराण्याची रीत ठाव हाय का साहेब, तुमाला? आमी घर बांधलं, की शेवटची एक ईट ठेवत न्हाई. घरधनीण येती, मालात हात घालती, तिच्या हातानं ती ईट बसती. अन् गवंडी तिच्या बोटावर आपला अंगठा दाबतो. झालं. मग ते घर तिचं. मग तिला तिथनं कुनी उठवू शकत न्हाई." त्यानं टॉवेल खांद्यावर सारखा केला. "शेषेरावदादानं राजकन्यावयनीसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. ईट ठिवायची ऱ्हायली. त्याच्या आधीच पडला."

सुदामनं दिवे मालवले. "उशीर झाला," तो म्हणाला.

४

खरं तर हे सगळं त्याला राजकन्येच्या आजारपणात कळायला लागलं होतं.

लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर राजकन्या घरी आली. छातीत पाणी होत होतं, खोकला थांबत नव्हता. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, मला त्या नगराचा नकाशा काढून द्या की. तुमी सगळ्या गावाचे काढता."

ती मागेल ते द्यायचे दिवस होते. सुदामनं कचेरीतला जुना पारदर्शक नकाशाकागद आणला. पुस्तकातलं माप आजच्या मापात बसवलं. एकेक बाजू बावीसशे किलोमीटर. गंमत म्हणून त्यानं उदगीर मध्यभागी धरलं आणि तिला दाखवलं, "हे बघ, उत्तरेची वेस दिल्लीपाशी. दक्षिणेची कन्याकुमारीला. पूर्वेची आणि पश्चिमेची मात्र समुद्रात पडली."

"तिथं समुद्र नसणार म्हणून लिहिलंय ना," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "म्हंजे आपलं घर आतच आलं की."

त्याला हसू आलं. तिला नाही.

"मग मोठ्या मापावर आपली गल्ली काढा."

त्यानं दुसऱ्या कागदावर गल्ली काढली. आपलं घर, शिवम्माचा प्लॉट, रस्ता. राजकन्येनं पेन्सिल मागून घेतली आणि उशीवर टेकून शिवम्माच्या प्लॉटमध्ये एक चौकोन काढला. त्याची एक बाजू त्यांच्या पूर्वेच्या भिंतीला चिकटलेली होती. आत एक रेघ मारून दोन खोल्या केल्या. पलीकडच्या बाजूला दार. दारापासून गल्लीपर्यंत एक बारीक वाट.

"हे कुणाचं?"

बराच वेळ ती खोकत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी दवाखान्यात सांगितलं होतं. मी म्होरं जातो. तू कुठं बी राह, तुझ्या भिंतीला भिंत लावून बांधून ठेवतो."

'त्यांनी' कोण, हे विचारायची गरज नव्हती. सुदामनं तिच्या तोंडात पाणी घातलं. मग शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "तिथं लग्नं नसतात, राजकन्या. शास्त्रच सांगतं. नवरा नाही, बायको नाही."

"लग्न नसंल," ती डोळे मिटून म्हणाली. "शेजार तर असंल."

५

आता रोज दुपारी आवाज येत होता. दोनला सुरू, चारला बंद, गवंड्यानं दुपारपाळी धरावी तसा.

सुदाम विचारी माणूस होता. त्यानं पाण्याचा नळ बंद करून पाहिला. पंखा बंद करून पाहिला. उंदीर म्हणून भिंतीच्या बुडाला औषध ठेवलं, ते तसंच राहिलं. फोनवर आवाज रेकॉर्ड केला, लावून ऐकला, तर त्यात त्याच्याच श्वासाशिवाय काही नव्हतं. मग त्याला वाटलं, बरं झालं. आवाज आपल्या डोक्यातला आहे. माणूस एकटा पडला की होतं असं, दोन महिन्यांत जाईल.

आवाज रोज वर चढत होता. पहिल्या दिवशी खाटेच्या पायाशी होता. आठव्या दिवशी उभ्या माणसाच्या छातीपाशी आला. कुणीतरी थर चढवत होतं, आणि घाई न करता चढवत होतं. कामात खोट नव्हती. हे सुदामला सगळ्यात जास्त लागलं. तो माणूस चांगला गवंडी होता.

नवव्या दिवशी ठोके मध्येच थांबले आणि ती हसली.

राजकन्याच. गळ्यातल्या गळ्यात, दाबलेलं, नव्या नवरीचं हसू. खोकल्याचा मागमूस नाही. सत्तावीस वर्षांत सुदामनं तिची तऱ्हेतऱ्हेची हसणी ऐकली होती, हे त्यातलं नव्हतं. हे त्याच्या आधीचं होतं.

मग पुरुषाचा आवाज, शब्द कळू नयेत एवढा हळू. मग पुन्हा ती.

सुदाम उठला आणि ट्रंक उघडली. ओळंबा काढायचा आणि भंगारात टाकायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. हे सत्तावीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. साड्यांच्या तळाशी फडकं होतं. गाठ तिचीच होती, डावीकडून उजवीकडे घेतलेली, दुहेरी. त्यानं ती नखानं सोडवली.

आत काही नव्हतं. फडक्यावर फक्त पितळेचा एक गोल हिरवट डाग होता.

६

मोजणीच्या धंद्यात एक गोष्ट नवा माणूसही पहिल्या महिन्यात शिकतो. जमिनीला चतुःसीमा लागतात, पण त्याहून आधी वाट लागते. चारही बाजूंनी दुसऱ्याच्या हद्दी आणि आत जायला पाऊलवाट नाही, असं शेत फुकट दिलं तरी कुणी घेत नाही. वाटेवरून खून पडलेले सुदामनं पाहिले होते. देवणी तालुक्यात एका म्हाताऱ्यानं चुलतभावाची वाट बुजवली होती. ऊस आत उभा वाळला.

गुड फ्रायडेला सुट्टी होती. चर्चमध्ये तीन तासांची उपासना झाली, सुदाम घरी आला, जेवला नाही. भिंतीआड हसणं चालूच होतं. आज आवाज डोक्याच्या वर पोचला होता. एखाद-दुसरा थर उरला असेल.

त्यानं कपाटातून गल्लीचा नकाशा काढला. राजकन्येचा पेन्सिलीचा चौकोन फिकट झाला होता. त्यानं खोडरबर घेतला आणि आधी वाट पुसली. मग दार पुसलं. मग न पुसणाऱ्या काळ्या शाईचं पेन उघडलं, पट्टी ठेवली आणि चौकोनाच्या चारही बाजू एकसंध ओढल्या. चारही बाजूंना दुसऱ्याची नावं लिहिली. पश्चिमेला सुदाम. बाकी तिन्हीकडे शिवम्माचे यजमान, मडिवाळप्पा. खाली, सवयीनं, सही आणि तारीख.

"बस आता आत," तो म्हणाला. आपण हे मोठ्यानं बोललो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

शाई वाळली. भिंतीतला आवाज थांबला होता. सुदामला कित्येक दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली, तीही राजकन्येच्या खाटेवर, तिच्याच उशीवर.

७

शनिवारी दुपारी तो जागा झाला तो वेगळ्या आवाजानं.

कुणीतरी भिंतीवरून तळवा फिरवत होतं. पलीकडून. खालून वर, वरून खाली. मग एक हात सरकून पुन्हा खालून वर. अंधारात दार शोधावं तसं. तळवा खोलीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेला, तिथं थांबला, आणि परत आला. ठोके नव्हते. हसणं नव्हतं. नखं मधूनच गिलाव्याला घासत होती.

सुदाम पडून ऐकत राहिला आणि त्याच्या मनात एकच साधी गोष्ट आली. इतकी साधी, की ती काल का आली नाही याचं त्याला नवल वाटलं.

वाट त्यानं शेषेरावची बुजवली होती. पण आत शेषेराव एकटा नव्हता.

तो धडपडत उठला. नकाशा काढला, खोडरबर घासला. रेघ हलली नाही. ब्लेडनं खरवडलं, तर कागद पांढुरका झाला पण रेघ खोल उतरल्यासारखी तशीच. त्यानं कागद फाडायला धरला आणि थांबला. वाट फाडून होत नाही, वाट काढावी लागते. हे त्याच्या धंद्यानं त्याला शिकवलं होतं.

'हे सगळं खोटं आहे,' त्यानं स्वतःला सांगितलं. 'नगर म्हणजे माणसं. भिंत म्हणजे चित्र. चित्रामागं कुणी अडकत नाही.' वीस वर्षं तो हे शिकवत आला होता. आता पहिल्यांदाच त्याला कळलं, की हे त्याला का आवडत होतं. चित्रात दोन खोल्या नसतात. चित्रात कुणी कुणाची वाट बघत बसत नाही.

तळवा पुन्हा फिरत आला, त्याच्या चेहऱ्यासमोर थांबला.

अंगणात पहार होती. त्यानं ती आणली.

८

गिलावा सहज निघाला. आतल्या विटा त्याच्याच घराच्या, वीस वर्षांपूर्वीच्या. एक वीट त्यानं चारही बाजूंनी सुटी केली आणि ओढून काढली. आता पलीकडे ऊन दिसायला हवं होतं, बाभूळ, गाईचं पांढरं अंग.

पलीकडे दुसरी भिंत होती. नव्या विटांची, त्याच्या भिंतीला चिकटून. आणि त्या भिंतीतही, नेमकं तिथंच, एका विटेची जागा मोकळी होती.

त्यातून उजेड येत होता. उन्हाचा नव्हे, दिव्याचाही नव्हे. त्याला कुठली बाजू नव्हती. भोकाच्या कडांना सावलीच पडत नव्हती. सुदामनं डोळा लावला. त्याला एवढंच दिसलं, नुकत्याच गिलावा केलेल्या खोलीचा एक कोपरा, आणि त्यात वरून सोडलेल्या दोरीला पितळेचा ओळंबा. लख्ख घासलेला. जराही न हलणारा.

"राजकन्या," तो म्हणाला. "चूक झाली गं. वाट करून देतो. ये बाहेर."

त्यानं हात आत घातला.

खांद्यापर्यंत गेला. आत गारवा होता. कुणाचा तरी हात त्याच्या हाताला लागला आणि त्याला ओरडायचं होतं ते राहून गेलं, कारण तो हात त्याच्या ओळखीचा होता. तळव्यानं नाही, मनगटाच्या पाठीनं, तिनं त्याचा हात हलकेच मागं सारला. तळवा भरलेला असला की सारायची तसा. रागानं नव्हे. आता नको, हात भरलेत, एवढंच.

त्याचा हात बाहेर आला.

भोकाशी बोटं आली. चार बोटं, मालानं माखलेली. कापणीच्या विळ्यानं लहानपणी वाकडी झालेली करंगळी. बोटांत वीट होती. तिनं ती भोकाशी नीट धरली, थोडी डावीकडे घेतली, आणि आतून ओढून बसवली. तिच्या बोटांवर दुसरा एक हात आला. फक्त अंगठा दिसला.

मग उजेड गेला.

टक्, टक्.

९

"साहेब! ओ साहेब!" अंगद दारातून हाका मारत आला. हाताला चुना, टॉवेलला चुना. "अख्खी मंडळी कबरस्तानात हाय. समद्या कबरी रंगवून झाल्या, वयनीचीच ऱ्हायली. म्हटलं, तिला तुमचाच हात लागू द्या. उद्या पहाटं ईस्टरची उपासना, अन् तुमी इथं..."

तो थांबला. खोलीभर गिलावा पडला होता. सुदाम जमिनीवर बसला होता, पहार मांडीवर. समोर त्याच्या भिंतीत एका विटेचं भोक, आणि भोकाच्या आत दुसरी वीट. लालभडक. नवी.

"काय फोडून राहिलाव, साहेब? उंदीर हायती का?"

अंगद गुडघ्यावर बसला आणि भोकात वाकला. मग त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला.

विटेभोवतीच्या मालात चार बोटं उमटली होती. करंगळीची खूण वाकडी. आणि त्या बोटांवर, कोपऱ्यात, एक रुंद अंगठा.

अंगदनं आपलं बोट आत घालून मालाला लावलं. बोट राखाडी, ओलं होऊन बाहेर आलं. त्यानं ते चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं.

"चुना जरा जास्त हाय," तो अगदी हळू म्हणाला. "दादा असाच कालवायचा."

बाहेरून, प्लॉटवरून, शिवम्माचा आवाज आला. आनंदाचा. "अण्णा! अण्णा, घरात हाव का? तोंड लावलं बघा हिनं! समदा कडबा संपवून राहिली!"

सुदाम पुढं सरकला. त्यानं हात भोकात घातला, त्या रुंद अंगठ्याच्या खुणेशेजारी आपला अंगठा टेकवला आणि दाबला. नख पांढरं होईपर्यंत दाबला. खांद्याचा, छातीचा, सगळ्या अंगाचा भार घालून दाबला.

अंगदच्या बोटावरून मालाचा एक थेंब फरशीवर पडला.

सुदामनं अंगठा काढून पाहिला. तो कोरडा होता. आणि भिंतीवर, जिथं त्यानं दाबलं होतं तिथं, काही उमटलं नव्हतं.